१३५ रुपयांची कपात

मार्च महिना आला की आमच्या ऑफिसात एक वाक्य कानावर पडतंच, "आम्ही टॅक्स भरायचा आणि बाकीच्यांनी फुकटात दवाखाने वापरायचे." बोलणारी माणसं वाईट नाहीयेत. ज्यांनी वर्षभर भाड्याच्या आणि एलआयसीच्या पावत्या द्यायचं पुढे ढकललेलं असतं त्यांचा टीडीएस, म्हणजे पगारातून परस्पर जाणारा आयकर, शेवटच्या महिन्यात एकदम कापला जातो, हातात पगार निम्मा पडतो, मग चिडचिड होते आणि ती कुणावर तरी निघते. मी मशीनचे पार्ट बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत पगाराचं काम बघते, त्यामुळे ती सगळ्यात आधी माझ्या टेबलावर येते. पण या वाक्याला मी कधीच मान डोलवत नाही. का नाही ते जेवणाच्या सुट्टीत नीट सांगून होत नाही, अर्धवट सांगितलं की नुसताच वाद होतो, म्हणून आज बसून लिहितेय.

माझ्या सॅलरी शीटमधल्या दोन ओळी घ्या. पहिली एका हेल्परची, ग्रॉस १८,०००. त्याच्यापुढे ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, कॉलममध्ये १३५ रुपये, म्हणजे पगाराच्या पाऊण टक्का. शिवाय कंपनी तिच्या बाजूनं सव्वातीन टक्के भरते ते ५८५, असे मिळून ७२० रुपये दर महिन्याला त्याच्या नावावर जातात. दुसरी ओळ एका मॅनेजरची, वर्षाला २४ लाख. त्याला ईएसआय नाही कारण २१,००० च्या वर पगार गेला की ईएसआय लागूच होत नाही, त्याला टीडीएस आहे. २०२५-२६ चा हिशोब आयकराच्या नवीन पद्धतीनं केला, ७५,००० ची स्टँडर्ड वजावट काढली, की वर्षाचा टॅक्स येतो २,८१,२५० आणि त्यावर ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण सेस, म्हणजे टॅक्सवरचा जादा कर, ११,२५०.

म्हणजे आरोग्याचं नाव घेऊन मॅनेजरच्या पगारातून जे कापलं जातं ते हे वर्षाचे ११,२५०, आणि त्यातही शिक्षणाचा वाटा आहेच. २४ लाखांवर हे अर्धा टक्कासुद्धा होत नाहीत. हेल्परचे वर्षाचे १,६२० होतात आणि ते पाऊण टक्का. रक्कम मॅनेजरची मोठी आहे हे कुणी नाकारत नाही, पण स्वतःच्या कमाईतला किती हिस्सा कोण आजारपणासाठी बाजूला काढून देतंय असं विचारलं तर या दोन ओळींत हेल्पर पुढे आहे. मॅनेजर म्हणेल की अहो, सेस सोडा, बाकीचे पावणेतीन लाखांच्या वर जातात त्यातूनही सरकार दवाखाने चालवतंच की. बरोबर आहे त्याचं. पण मग हेल्परचंही सगळं धरायला हवं. मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी दोघंही सारखाच भरतात, बाइकमध्ये पेट्रोल टाकलं की राज्याचा व्हॅट दोघंही भरतात, आणि हेल्परचा पगार महिन्याच्या महिन्याला संपतो म्हणजे त्याची जवळजवळ सगळी कमाई खर्चाच्या वाटेनं जाते आणि खर्चावर कर लागतो, मॅनेजरचा बराच पैसा एसआयपीत आणि एफडीत जातो जिथे हा खर्चावरचा कर लागत नाही. तेव्हा "आम्ही भरतो आणि ते वापरतात" यातला "आम्ही" फार मोठा आहे, त्यात हेल्परही आहे, त्याची बायकोही आहे, कंपनीच्या गेटवरचा चहावालाही आहे.

मला स्वतःला कमाईच्या प्रमाणात घेतलेला कर हा आजारपणाचा खर्च भागवायचा सगळ्यात न्याय्य मार्ग वाटतो, आणि त्याचं कारण मला पुस्तकातून नाही, सासूबाईंच्या मेडिक्लेमच्या कागदातून कळलं. साठी उलटल्यावर प्रीमियम दर काही वर्षांनी वर सरकत गेला, शुगर निघाली त्याचं लोडिंग, म्हणजे जादा प्रीमियम, लागलं, आधीच्या आजारांना वेटिंग पिरियड लागला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये घरगुती पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला तेवढी सुटका झाली, पण मूळ गोष्ट तीच राहिली. विम्याचा फॉर्म माणसाला विचारतो की तुम्ही किती आजारी पडाल, वय काय, बीपी आहे का, घरात कुणाला हार्टचं आहे का, आणि जितके जास्त आजारी पडण्याची शक्यता तितके जास्त पैसे. म्हणजे हातात पैसा यायचा बंद होतो त्याच वयात मागणी वाढत जाते. आयकराचा फॉर्म विचारतो की तुम्ही कमावता किती, बस. सासूबाई आयुष्यभर शिवणकाम करत होत्या, आज त्यांची कमाई नाही, तर त्यांच्याकडून काही मागायचं नाही, आणि त्यांच्या मुलाची चालू आहे तर त्याच्याकडून मागायचं, तो म्हातारा होईल तेव्हा पुढची पिढी देईल. हे मला सरळ वाटतं. गुडघे झिजले हा काही त्यांचा गुन्हा नाही, पायमशीन चालवून झिजलेत.

आमच्या गावाला सप्त्याची वर्गणी गोळा होते तशीच ही गोष्ट आहे बघा. उंबऱ्याला ठरलेली एक रक्कम असते, पण बागाईतदार तेवढ्यावर थांबत नाही, तो दोन पोती गहू आणि गूळ पाठवतो, ज्याच्याकडे काहीच नाही तो येऊन चुलीपाशी राबतो, आणि शेवटच्या दिवशी काल्याची पंगत बसते तेव्हा कुणी किती दिलं हे बघून ताट वाढत नाहीत.

हे जर आपल्याला इतकं समजतं तर दवाखान्याच्या बाबतीत का समजत नाही? कारण आपल्याकडे खरंतर करातून कमी आणि खिशातूनच जास्त अशी पद्धत इतकी वर्षं चालत आली की काउंटरवर पैसे मोजणं हेच आपल्याला नैसर्गिक वाटायला लागलं. केंद्र सरकारच्याच आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून केला होता. २०२१-२२ पर्यंत तो ३९.४ टक्क्यांवर आला, ही चांगली गोष्ट आहे आणि तसं म्हटलंच पाहिजे. पण ३९ टक्के म्हणजे अजूनही १०० रुपयांतले जवळजवळ ४० रुपये माणूस आजारी असतानाच, काउंटरवर उभा राहून देतो. आणि काउंटर तुमची कमाई विचारत नाही. डिपॉझिट ५०,००० म्हणजे ५०,०००. मॅनेजरचा तो आठवड्याचा पगार, हेल्परचा जवळजवळ तीन महिन्यांचा. यापेक्षा अन्यायाची वसुली मला माहीत नाही, आणि तिला कुणी कर म्हणत नाही म्हणून तिच्याविरुद्ध कुणी ओरडतही नाही.

नातेवाईक आजारी पडल्यावर पैसे उभे करताना बघितलंय मी, कामगार अ‍ॅडव्हान्स मागायला माझ्याकडेच येतात. आधी पीएफमधून काढता येईल का विचारतात, मग सोसायटीचं कर्ज, मग बायकोचे दागिने, मग गावाकडच्या जमिनीचं बोलणं सुरू होतं. फोनवर बोलत बोलतच केबिनच्या दारात उभे असतात, पलीकडून हॉस्पिटलातून कुणीतरी सांगत असतं की हे इंजेक्शन बाहेरून आणायला सांगितलंय, आणि हा माणूस एका हाताने मला थांबा म्हणून खुणावत दुसऱ्या हातानं अर्जावर सही करत असतो. त्या क्षणी त्याला कुणी सांगावं की तुला टॅक्स लागत नाही, तू फुकट खातोस.

हे सगळं नव्यानं शोधून काढायचीही गरज नाही. स्वातंत्र्य मिळायच्या आधी, १९४६ मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या समितीनं स्पष्ट लिहून ठेवलंय की पैसे देता येत नाहीत म्हणून कुणीही योग्य उपचारांपासून वंचित राहू नये. त्याच सुमारास, १९४४ साली, प्राध्यापक बी. पी. आडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला, त्यावरून १९४८ चा ईएसआय कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. ईएसआयबद्दल लोक नाकं मुरडतात, लाइन मोठी असते, औषध कधी मिळतं कधी नाही, माझ्याकडेही कामगार तक्रारी घेऊन येतात आणि त्या खऱ्या असतात. पण त्या योजनेच्या मुळाशी जो विचार आहे तो मला अजून दुसरीकडे इतका स्वच्छ दिसलेला नाही. १०,००० पगारवाला ७५ रुपये देतो, २०,००० वाला १५० देतो, आणि दोघांच्या घरात कॅन्सर निघाला तर दोघांनाही तोच उपचार, खर्चाला वरची मर्यादा नाही. आजारी रजेवर गेलात तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. अगदीच कमी रोजंदारी असेल तर कामगाराचा हिस्सा माफ, कंपनीनं मात्र भरायचाच. घेताना ऐपत बघायची, देताना आजार बघायचा. अडचण इतकीच आहे की हे सगळं २१,००० च्या खालच्या लोकांनी आपसात करायचं, वरच्यांनी त्यात यायचंच नाही.

आता मध्यमवर्गाच्या तक्रारीत खरं काय आहे ते पण बोललं पाहिजे, कारण मी रोज त्यांच्यातच बसते आणि त्यांचा राग मला कळतो. पगारदाराचा टॅक्स हातात पैसे यायच्या आधीच कापला जातो, त्याला लपवायला जागा नाही. त्याच सोसायटीत राहणारा, रोखीत धंदा करणारा माणूस किती दाखवतो ते त्याचं त्याला माहीत. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, ते कोरडवाहूवाल्यासाठी योग्यच आहे, पण ज्याच्याकडे द्राक्षाच्या एक्सपोर्टचे कोटी येतात त्यालाही तीच सूट. आणि पगाराच्या वरच्या टप्प्याला ३० टक्के लागतात पण शेअर वर्षभर ठेवून विकले तर १,२५,००० च्या वरच्या नफ्याला १२.५ टक्के. घाम गाळून मिळवलेल्या पैशाला जास्त कर आणि बसल्या जागी वाढलेल्या पैशाला कमी, हे मला पटत नाही, मॅनेजरलाही पटत नाही. म्हणून त्याच्याशी या बाबतीत माझं जमतं. फक्त तो म्हणतो की मग माझा टॅक्स कमी करा, आणि मी म्हणते की जे सुटलेत त्यांना आत घ्या. कर कमाईवर असावा हे म्हणायचं तर मग सगळ्या कमाईवर असावा, पगार हीच काय ती कमाई असं धरून कसं चालेल.

व्यसनांचा मुद्दाही निघतो, तंबाखू खाणाऱ्याचा उपचार मी का भरू म्हणून. आमच्या ग्राइंडिंग खात्यात एकदा येऊन उभं राहा म्हणते मी, ती बारीक धूळ, तो आवाज, कूलंटनी फुटलेले हात. आजार काही फक्त तंबाखूनं होत नाहीत, कामानंही होतात, आणि त्या कामाचा माल विकूनच आपले सगळ्यांचे पगार निघतात.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते आणि ती महत्त्वाची आहे. सरकारी दवाखाना चालवणं हे आपल्या राज्यघटनेप्रमाणे मुख्यतः राज्याचं काम, पण आयकर गोळा करतं केंद्र. आयकरातला काही वाटा राज्यांना मिळतो, २०२१ ते २०२६ या काळासाठी वाटून द्यायच्या करांतला ४१ टक्के ठरला होता आणि त्या ४१ टक्क्यांतलं महाराष्ट्राच्या वाट्याला ६.३१७ टक्के. पण सेस त्या वाटपात येतच नाही. २०१८ च्या बजेटमध्ये ३ टक्क्यांचा शिक्षण सेस ४ टक्क्यांचा आरोग्य आणि शिक्षण सेस झाला, २०२१ मध्ये त्यातल्या आरोग्याच्या हिश्शासाठी प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा निधी नावाचा वेगळा निधी केला, ठीक आहे, पण तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या नर्सचा पगार, तिथलं जनरेटरचं डिझेल, औषधांची खरेदी हे मुख्यतः राज्याच्या तिजोरीतून जातं आणि ती तिजोरी मोठ्या प्रमाणावर जीएसटीवर, पेट्रोल-डिझेलच्या व्हॅटवर, दारूच्या उत्पादन शुल्कावर आणि स्टँप ड्युटीवर भरते. म्हणजे कमाईप्रमाणे घेतलेला पैसा एका तिजोरीत आणि दवाखान्याचा खर्च दुसऱ्या तिजोरीवर. गरिबाच्या उपचाराचा बराचसा भार अशा करांवर पडतो जे गरीबही भरतोच. मॅनेजरच्या पैशावर हेल्पर जगतो असं म्हणणाऱ्यानं हा रस्ता एकदा शेवटपर्यंत चालून बघावा.

आणि महाराष्ट्रानं याहून वेगळं करून दाखवलेलं आहे हो, आपण विसरलो. पगारातून दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे जे पीटीचे, म्हणजे व्यवसाय कराचे, वर्षाचे २,५०० जातात, तो कर १९७५ मध्ये कशासाठी आला ठाऊक आहे का? रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळात गावंच्या गावं खडी फोडायला रस्त्यावर आली होती, वि. स. पागे यांनी कामाची हमी देणारी योजना मांडली होती, आणि तिला पैसा कुठून आणायचा तर शहरातल्या नोकरदारांकडून, व्यापाऱ्यांकडून, डॉक्टर-वकिलांकडून, आणि जितका गोळा होईल तितकाच सरकारनं स्वतःचा घालायचा. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. मुंबईत फोर्टातल्या ऑफिसात बसलेल्या कारकुनाच्या पगारातून कापलेल्या पैशातून माण-खटावला नालाबांध झाले, पाझर तलाव झाले. त्या कारकुनाची त्यामुळे चूल बंद पडली नाही. पुढे २००५ मध्ये केंद्रानं देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव समोर होता. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो, शहरानं खेड्यासाठी भरलं आणि ते राजरोस, कायद्यानं, पगारपत्रकातल्या एका कॉलमनं.

पण तोच कॉलम आज मला सगळ्यात जास्त खटकतो. घटनेनं व्यवसाय कराला वर्षाला २,५०० ची मर्यादा घातलीय, १९८८ पासून तीच आहे. महिना १०,००० च्या वर कमावणाऱ्या पुरुषाला २०० आणि दोन लाख कमावणाऱ्यालाही २०० (बायकांना २५,००० पर्यंत माफ आहे, तेवढं चांगलं केलं). हेल्परला ते २०० जाणवतात, मॅनेजरनं आयुष्यात तो कॉलम वाचला नसेल. ही मर्यादा उठवून वरच्या पगारांवरचा हा कर टप्प्याटप्प्यानं वाढवला आणि तो पैसा राज्यानं जिल्हा रुग्णालयांसाठी बांधून ठेवला तर कायद्याच्या दृष्टीनं घटनादुरुस्ती लागेल, हो, पण १९८८ मध्ये अशीच दुरुस्ती करून २५० चे २,५०० केले होते. तेव्हा जमलं तर आत्ता का जमू नये.

माझी मावसबहीण इंग्लंडात असते. तिचं बाळंतपण तिथल्या एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, हॉस्पिटलात झालं. तिचा नवरा बँकेत चांगल्या पगारावर, आणि शेजारच्या खाटेवर बस ड्रायव्हरची बायको. दोघींना तीच नर्स, तोच चहा-टोस्ट, आणि घरी जाताना दोघींनाही बिल नाही. ५ जुलै १९४८ ला अन्यूरिन बेव्हन आरोग्यमंत्री असताना ती सेवा सुरू झाली, आणि तेव्हापासून तिचा मुख्य पैसा लोकांच्या करांतूनच येतो. तिथेही सगळं छान नाहीये, इंग्लंडात उपचारांची वेटिंग लिस्ट ७० लाखांच्या वर गेलेली आहे, आणि नॅशनल इन्शुरन्सची कपात तर मधल्या पगारावर ८ टक्के आणि वरच्या पगारावर फक्त २ टक्के, म्हणजे तिथेही वरच्यांना जरा सोडलेलंच आहे. पण बहीण सांगते की एनएचएस बिघडली की तिचा बँकवाला नवराच सगळ्यात आधी खासदाराला पत्र लिहितो, कारण त्याला स्वतःला तिथेच जायचं असतं.

आमच्याकडे नेमकं हेच तुटलंय. ज्यांच्या पत्राला वजन आहे ते सरकारी दवाखान्यात जातच नाहीत. मॅनेजरला कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे, त्याचा प्रीमियम कंपनी खर्चात टाकते आणि मॅनेजरला त्यावर टॅक्स लागत नाही. आयकराच्या जुन्या पद्धतीत असलेला माणूस स्वतःची पॉलिसी काढतो आणि तिच्या प्रीमियमपोटी २५,००० पर्यंतची वजावट घेतो, ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर सेस धरून ७,८०० रुपये वाचतात. हे पैसे सरकारी तिजोरीतूनच सुटतात ना? ज्याला टॅक्सच लागत नाही त्यानं तीच पॉलिसी काढली तर त्याला एक रुपया परत मिळत नाही. खाजगी उपचारासाठी सरकारची मदत हवी असेल तर आधी पुरेशी कमाई असायला हवी अशी ही रचना आहे, आणि ती मदत कुणाच्या डोळ्यावर येत नाही कारण ती टॅक्सच्या हिशोबात एका ओळीत बसते, दवाखान्याच्या दारात रांग लावून मिळत नाही.

सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत मोफत झालं, मेडिकल कॉलेजांची हॉस्पिटलं त्यात आली नाहीत पण जिल्हा रुग्णालयं आली. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०२४ च्या जुलैपासून सगळ्याच रेशनकार्डांना, ५ लाखांपर्यंत. मोठ्या ऑपरेशनला याचा खूप आधार होतो, मी स्वतः कामगारांचे कागद करून दिलेत. पण योजना यादीतल्या उपचारांना आहे, रोजची बीपीची गोळी, तपासायला गेल्यानं बुडालेला रोज, हे तिच्यात बसत नाही. त्यासाठी जवळचा सरकारी दवाखानाच धड चालायला हवा आणि त्याला वर्षानुवर्षं, न चुकता पैसा लागतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्के करू. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्या एका ऑपरेटरला चांगली वाढ मिळाली, २०,४०० चे २१,९०० झाले. तो संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर आला, पेढे नव्हते हातात. वडील त्याच्यावर अवलंबून, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, ईएसआयनं जोडून दिलेल्या हॉस्पिटलात व्यवस्थित चालू होतं. म्हणाला, "मॅडम, वाढ नको, पगार २१ च्या आत ठेवता येईल का?" म्हटलं, "दादा, असं करता येत नाही, एप्रिलपासून सहामाही बदलते, तुम्ही बाहेर." आधी भरलेल्या पैशांवर डिसेंबरपर्यंत चालेल हे समजावून सांगितलं. त्यानं हिशोब केला, मग म्हणाला, "मग माझ्याकडून जास्त घ्या ना. दीडशे कापता ते तीनशे कापा. पाचशे कापा. पण मला आत राहू द्या."

नियमात अशी सोय नाही. डायलिसिसचं पुढे फुले योजनेतून जमवून दिलं, पण इंजेक्शनं, गोळ्या, बायकोचं थायरॉइड, मुलाचा दमा, हे सगळं पुन्हा त्याच्या खिशावर आलं, आणि वाढलेले १,५०० त्यात पुरत नाहीत. २१,००० ची मर्यादा २०१७ च्या जानेवारीपासून आहे आणि मी हे लिहितेय तोपर्यंत तिथेच आहे. नुसती वाढवा असं युनियन म्हणतेय, ३०,००० करा म्हणतेय, ते झालंच पाहिजे. पण मला विचाराल तर ती मर्यादा असावीच कशाला? मॅनेजरच्या दोन लाखांवर पाऊण टक्का म्हणजे महिन्याला १,५००. कंपनीचे सव्वातीन टक्के म्हणजे ६,५००. त्याच्या एकट्याच्या नावावर महिन्याला ८,००० जमा होतील, हेल्परच्या ७२० च्या अकरा पट, आणि तो रोज उठून आजारी पडणार नाहीये.

मॅनेजरला मी हे विचारलंय. ते म्हणाले, हॉस्पिटल चांगलं करा, मग देतो. मी म्हटलं सर, तुम्ही पैसे भरून त्याच ओपीडीत बसायला लागलात की ते वर्षभरात चांगलं होईल, तुमच्या आधी नाही होणार. आमचं यावर अजून एकमत नाही. पण नियम बदलला तर त्यांचा, मिसेसचा आणि दोन्ही मुलांचा फॉर्म मी त्याच दिवशी भरून टाकणार, फॅमिली फोटो तेवढा आणून द्या असं सांगूनही ठेवलंय त्यांना.